चाड्यावरची मूठ आणि मानेचे दुखणे

रब्बी ज्वारीच्या एका शेतात उगवण तुटक झाल्याची तक्रार माझ्याकडे आली, तेव्हा मी नेहमीप्रमाणे प्रथम बियाण्यावर संशय घेतला. बी घरचेच होते. उरलेल्या बियाण्यातील शंभर दाणे मोजून ते ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवले. चार-पाच दिवसांत नव्वदांच्या आसपास दाणे अंकुरले. म्हणजे बी चोख होते. जमिनीतील ओलही पुरेशी होती. मग शेतात जाऊन ओळी न्याहाळल्या. कोठे हातभर नांगे पडलेले, तर कोठे एकाच जागी आठ-दहा रोपे दाटीने उभी. असा प्रकार बियाण्याच्या दोषाने होत नाही, तो पेरणाऱ्या हाताच्या दोषाने होतो.

"चाड्यावर कोण होते?" मी विचारले.

"मीच होतो, साहेब. तीस वर्षं मूठ मीच धरतो. औंदा बोटं ऐकंनात," ते गृहस्थ म्हणाले आणि ओशाळून हसले.

ज्यांच्या गावी आता ट्रॅक्टरच्या पेरणी यंत्राने पेर होते, त्यांच्यासाठी थोडे सांगितले पाहिजे. तिफणीमागे चालताना ओटीतील बी मुठीत घेऊन ते चाड्यात सोडावयाचे असते. चाड्याच्या तिन्ही भोकांत सारखे बी पडावे म्हणून अंगठा आणि बोटे अखंड, हलकी व एका लयीत चालावी लागतात. हे काम दिसण्यात सोपे, परंतु ज्याच्या हाती ते बसले आहे त्यालाच गावात चाड्यावर बोलावतात. अशा कसलेल्या मुठीची लय एकाएकी बिघडावी, याला काही कारण असलेच पाहिजे.

चौकशी करता एकेक गोष्ट बाहेर पडू लागली. दोन वर्षांपासून मान दुखत होती. ती फार दुखत होती असेही नाही. म्हणूनच तर त्यांनी तिच्याकडे लक्ष दिले नव्हते. तेल चोळून झाले होते, शेकून झाले होते. सदऱ्याची बटणे आता घरधनीण लावून देत होती. गाईची धार काढताना आचळ बोटांतून निसटत होते. बांधावरून चालताना तोल जात होता आणि पायातली चप्पल केव्हा सुटली हे कळत नव्हते. "वयोमानानं व्हायचंच," असे घरच्यांनी व त्यांनी स्वतःही ठरवून टाकले होते. त्यांचे वय अवघे चौपन्न.

येथे माझ्या स्वतःच्या चुकीची कबुली दिली पाहिजे. या प्रसंगापूर्वी वर्षभर आधी याच शेतकऱ्याचा एक अर्ज सही जुळत नाही म्हणून परत आला होता. जुनी सही वळणदार होती व नवी वेडीवाकडी. मी त्यांना शेजारी बसवून तीन वेळा सही करावयास लावली व त्यातली बरी निवडून अर्ज पुन्हा पाठविला. माणसाचे अक्षर वर्षभरात असे का बदलावे, हा प्रश्न माझ्या मनात आला नाही. पिकाच्या पानावरचा ठिपका आम्ही दहा पावलांवरून ओळखतो; कागदावर तो माझ्या डोळ्यांसमोर असून दिसला नाही.

गावातील आशा कार्यकर्तीने त्यांना प्राथमिक आरोग्य केंद्रात नेले. तेथून जिल्हा रुग्णालय व पुढे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय असा प्रवास झाला. एमआरआय तपासणीत असे दिसले की, मानेच्या मणक्यांमधील चकती सरकून व हाडाची वाढ होऊन मज्जारज्जू दबला आहे. शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी तिच्यापूर्वीच स्पष्ट सांगितले होते की, शस्त्रक्रियेचा मुख्य उद्देश पुढील हानी थांबविणे हा आहे. गेलेले बळ सगळे परत येईल असे नाही, आणि दाब जितका जुना तितकी सुधारणा कमी.

हा प्रसंग सविस्तर सांगण्याचे कारण असे की, मानेचे दुखणे आपल्याकडे घरोघर आहे, आणि त्यातील बहुतेक दुखणी निरुपद्रवी असल्यामुळेच जे थोडे उपद्रवी असते ते त्यात लपून राहते. गावपातळीवर काम करणाऱ्या आपल्यासारख्यांना औषधोपचार करावयाचा नाही. परंतु कोणाला घरी विसावा घेऊ द्यावा व कोणाला त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवावे, एवढे तारतम्य आपल्याला असणे अगत्याचे आहे.

मानेची रचना ध्यानात घेतली म्हणजे हे तारतम्य सहज येते. मानेत सात मणके असतात. त्यांवर साडेचार ते पाच किलो वजनाचे डोके तोललेले असते. मणक्यांच्या मधून मज्जारज्जू खाली उतरतो आणि मणक्यांच्या सांध्यांजवळून मज्जातंतूंच्या आठ जोड्या बाहेर पडून खांदे, हात व बोटे यांकडे जातात. श्वासाचा पडदा हलविणारा मज्जातंतूही याच भागातून निघतो. विहिरीवरची मोटार, स्टार्टर व केबल यांचा दृष्टान्त घेतला तर मान म्हणजे केबलचा तो भाग, जेथून सगळ्या शेताची वीज जाते. स्नायू आखडणे हे केबलवरच्या वेष्टनाचे दुखणे आहे. आतली तार दबणे ही गोष्ट निराळी.

वेष्टनाच्या दुखण्याविषयी प्रथम थोडक्यात सांगतो. दिवसभर खुरपणी केली, द्राक्षमंडपाखाली हात वर करून घडांची विरळणी केली, उशी उंच घेतली, बसच्या खिडकीशी मान वाकडी करून झोप लागली, रात्री उशिरापर्यंत मोबाइल पाहिला, अशा कारणांनी मान धरते. ती एका बाजूस वळत नाही, दाबले असता दुखते, परंतु हातापायांत बळ पूर्वीप्रमाणेच असते, ताप नसतो व विसाव्याने आराम पडतो. असे दुखणे बहुधा काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत ओसरते. कोमट शेक द्यावा, मान झेपेल इतपत हळूहळू हलवीत राहावी, जड काम काही दिवस बाजूस ठेवावे. अंथरुणाला खिळून राहण्याची गरज नाही. गळ्यातील पट्टाही स्वतःच्या मनाने महिनोन्‌महिने वापरू नये. त्याने स्नायू दुबळे होतात. वेदनाशामक गोळ्या दुकानातून आणून रोज घेण्याचा प्रघात मात्र वाईट आहे. या गोळ्यांनी जठरात व्रण होतात व मूत्रपिंडावर परिणाम होतो; रक्तदाब, मधुमेह वा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी तर त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नयेत.

दाढी-कटिंगनंतर मान दोन्ही बाजूंना कडकन मोडून घेण्याची हौस पुष्कळांना असते. मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीला अशा झटक्याने इजा होऊन पक्षाघात झाल्याची उदाहरणे वैद्यकशास्त्राला ठाऊक आहेत. ती विरळा आहेत, हे खरे. परंतु ज्याला हातात मुंग्या येतात किंवा ज्याचा तोल जातो त्याने तरी अशी मान कोणाच्याही हाती देऊ नये, मग तो हाडवैद्य कितीही नामांकित असो.

आता आतली तार दबल्याची लक्षणे पाहू. एका मज्जातंतूवर दाब आला तर दुखणे खांद्यावरून एका हातात उतरते, विशिष्ट बोटांत मुंग्या येतात किंवा तेथे बधिरपणा येतो. यातील बरेच रुग्ण योग्य उपचाराने शस्त्रक्रियेशिवाय बरे होतात, तथापि डॉक्टरांना दाखवावे हे उत्तम. आणि हातातील शक्ती कमी झाली असेल तर अजिबात विलंब करू नये. खुद्द मज्जारज्जूवर दाब आला तर गोष्ट अधिक गंभीर, आणि दुर्दैवाने अधिक फसवी असते. वेदना थोडी असते किंवा नसतेही. बटण लावणे, सुईत दोरा ओवणे, धार काढणे, सही करणे, चाड्यावर मूठ धरणे अशी बारीक कामे प्रथम बिघडतात. पुढे पाय ताठरतात, चाल अवघडते, अंधारात तोल जातो. काहींना मान पुढे वाकविताच पाठीतून विजेचा झटका गेल्यासारखे वाटते. लघवी वा शौचावरील ताबा सुटू लागला तर तो अखेरचा इशारा समजावा व त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयाची वाट धरावी.

याची एक साधी पारख कोणत्याही चावडीवर करता येते. घड्याळ समोर ठेवावे व त्या व्यक्तीस तळहात पूर्ण उघडून पुन्हा मूठ घट्ट मिटण्यास सांगावे. हे जितक्या जलद करता येईल तितक्या जलद करावयाचे. निरोगी माणूस दहा सेकंदांत वीस किंवा अधिक वेळा ही क्रिया करतो. ज्याला ते साधत नाही, बोटे अडखळतात, त्याला तपासणीसाठी पाठवावे. दुसरी पारख अशी की, सरळ रेषेवर एका पावलाच्या बोटांना दुसऱ्या पावलाची टाच लावीत दहा पावले चालावयास सांगावे. शेजारी मात्र आधारास कोणी उभे असावे. या पारखेवरून रोगनिदान करता येत नाही. संशय घेण्यापुरता तिचा उपयोग आहे. आमच्या त्या शेतकऱ्याची मूठ दहा सेकंदांत नऊ वेळा उघडली होती.

यानंतर अपघातांचा विषय येतो. चिंचेच्या वा आंब्याच्या झाडावरून, माडावरून, उसाच्या ट्रकवर मोळी चढविताना फळीवरून, ट्रॉलीवरून किंवा विहिरीच्या काठावरून माणूस पडतो. उन्हाळ्यात पोरे विहिरीत व कालव्यात सूर मारतात. पाणी उथळ असले तर डोके तळाशी आपटून मान मोडते. मळणी यंत्रात गळ्यातील उपरणे वा ओढणी अडकून मानेस हिसका बसतो. अशा प्रसंगी धावून जाणारे लोक प्रेमाने जे करतात तेच पुष्कळदा घातक ठरते. दोघे काखेत हात घालतात, दोघे पाय धरतात, डोके मागे लोंबकळते, आणि जखमीला जीपच्या मागल्या बाकावर मुडपून बसविले जाते. मणका मोडला असूनही मज्जारज्जू अद्याप शाबूत असेल, तर या उचलाउचलीत तो दुखावण्याचा धोका असतो.

म्हणून पडलेल्या माणसाची मान दुखत असेल, हातपाय बधिर वाटत असतील, किंवा तो बेशुद्ध वा नशेत असेल, तर मान मोडली आहे असेच धरून चालावे. आग, पाणी किंवा वाहनाचा धोका नसेल तर त्याला जागेवरून हलवू नये. एकाने डोक्याशी गुडघे टेकून दोन्ही हातांनी डोके आहे त्या स्थितीत स्थिर धरावे व जखमीला मान न हलविण्यास सांगावे. दुसऱ्याने १०८ या क्रमांकावर दूरध्वनी करून रुग्णवाहिका बोलवावी. पाणी पाजू नये. वांती होऊ लागली तर डोके, मान व धड एका रेषेत ठेवून चार-पाच जणांनी एकदम कुशीवर वळवावे. घशात वांती अडकून श्वास कोंडणे हा मानेपेक्षाही तातडीचा धोका आहे. श्वासच थांबला असेल तर मानेची चिंता मागे ठेवून श्वास सुरू करण्याचा यत्न प्रथम करावा. रुग्णवाहिका पोहोचणे शक्यच नसेल तर दाराची रुंद फळी आणावी, एकाने डोके धरून आज्ञा द्यावी व सर्वांनी एकाच वेळी, लाकडाच्या ओंडक्याप्रमाणे अखंड वळवून जखमीला फळीवर घ्यावे. नुसती बाज मध्ये झोळ खाते, तेव्हा बाज वापरलीच तर तिच्यावर फळी टाकावी. वृद्ध माणसाची हाडे ठिसूळ असतात. ओट्यावरून घसरण्यासारख्या किरकोळ पडण्यानंतरही मान दुखत राहिली तर त्याची क्ष-किरण वा अन्य तपासणी करून घ्यावी.

मानेचा आणखी एक धोका आहे. तो आमच्या खात्याच्या कामाशी निगडित असूनही त्याविषयी फारसे बोलले जात नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले, हे सर्वांच्या स्मरणात आहे. प्रोफेनोफॉस, क्लोरपायरीफॉस यांसारख्या ऑर्गॅनोफॉस्फेट गटातील कीटकनाशकांच्या बाधेत प्रथम घाम, लाळ, वांती, धूसर दृष्टी, बारीक झालेल्या बाहुल्या अशी लक्षणे दिसतात. उपचाराने ती ओसरतात, रुग्ण बोलू लागतो, चहा मागतो, आणि घरचे लोक त्याला दुसऱ्या दिवशी हट्टाने घरी आणतात. परंतु बाधा झाल्यापासून एक ते चार दिवसांच्या अवधीत काही रुग्णांमध्ये स्नायूंचा दुबळेपणा नव्याने सुरू होतो, आणि त्याची पहिली खूण मानेवर दिसते. उताणा झोपलेला रुग्ण उशीवरून डोके उचलू शकत नाही. श्रीलंकेतील डॉक्टरांनी १९८७ साली या अवस्थेचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. मानेनंतर श्वासाचे स्नायू थकतात व रुग्णाला कृत्रिम श्वासयंत्राची गरज लागते. यास्तव फवारणीच्या विषबाधेतून उठलेल्या माणसाला डॉक्टरांच्या संमतीवाचून घरी आणू नये. आणि आणलाच असेल तर त्याला डोके उचलावयास सांगून पाहावे. डोके उचलत नसेल तर मान दुखत नाही म्हणून निर्धास्त न राहता तत्काळ परत न्यावे. कीटकनाशकाची बाटली वा तिच्यावरील लेबल बरोबर नेण्यास विसरू नये.

जमिनीवर निजलेला माणूस पहाटे पोटदुखीने उठला, पापण्या मिटू लागल्या व मान कलू लागली, तर मण्यारीचा दंश झाला असण्याचा संभव असतो. त्याची खूण अंगावर सापडेलच असे नाही. अशा रुग्णास मांत्रिकाकडे न नेता सर्पविषावरील लस असलेल्या रुग्णालयात न्यावे.

तापाबरोबर मान ताठ होणे हे लक्षणही वाट पाहण्यासारखे नाही. जोराचा ताप, डोके ठणकणे, वांती, उजेड सहन न होणे, ग्लानी आणि हनुवटी छातीला न टेकणे ही मेंदूच्या आवरणास सूज आल्याची चिन्हे असू शकतात. लहान मूल अशा वेळी नुसतेच सुस्त पडते किंवा सारखे किरकिरते. येथे तासांचा हिशेब असतो. तेल लावून रात्र काढू नये. काही दिवसांपूर्वी खिळा, फाळ वा काटा लागला असून आता जबडा उघडत नसेल व मान आखडत असेल तर धनुर्वाताचा संशय घ्यावा. शेणामातीत वावरणाऱ्यांनी या रोगाची लस वेळच्या वेळी घेतलेली बरी. छातीत दडपण, घाम व धाप यांच्यासह मान, जबडा वा डावा हात दुखत असेल तर ते दुखणे मानेचे नसून हृदयाचे असू शकते. एकाएकी आयुष्यात कधी झाले नाही असे डोके दुखून मान ताठली तर मेंदूत रक्तस्राव झाला असण्याची शक्यता असते. या प्रत्येक प्रसंगी १०८.

क्षयरोग फुप्फुसांप्रमाणे मणक्यांनाही होतो. पाठीच्या मणक्यांत तो अधिक आढळतो, मानेत कमी, पण आढळतो. दुखणे आठवड्यांमागून आठवडे वाढत जाते, रात्री झोपेतून जागे करते, संध्याकाळी कणकण येते, भूक मंदावते व वजन उतरते. खोकला असलाच पाहिजे असे नाही. शासकीय कार्यक्रमात याचे औषध विनामूल्य मिळते व नियमाने पूर्ण घेतल्यास रोग बरा होतो. पूर्वी कर्करोग होऊन गेलेल्या व्यक्तीची मान सतत दुखू लागली किंवा मानेत गाठ लागली, तर तीही तपासून घ्यावी. आणि अशी कोणतीच खूण नसताना केवळ दुखणेच सहा आठवड्यांनंतरही हटत नसेल, तर त्यालाही डॉक्टर दाखवावा.

ओझ्याविषयी दोन शब्द लिहिले नाहीत तर लेख अपुरा राहील. डोक्यावर भार वाहणे हे आपल्या श्रमाचे इतके जुने अंग आहे की 'माथाडी' हा शब्दच माथ्यावरून आला, आणि १९६९ साली त्यांच्यासाठी महाराष्ट्रात स्वतंत्र कायदा झाला. चुंबळ ठेवल्याने टाळू वाचते. मणक्यांवरचे वजन त्यामुळे एका तोळ्यानेही कमी होत नाही. गवताचा एक अवजड भारा आणण्यापेक्षा दोन हलके आणावेत, शक्य तेथे एकचाकी ढकलगाडी वापरावी. सोळा लिटरचा पाठीवरील पंप भरला म्हणजे वीस किलोंच्या घरात जातो. त्याचे दोन्ही पट्टे रुंद असावेत, दोन्ही खांद्यांवर घ्यावेत, आणि पंप ओट्यावर ठेवून चढवावा. खुरपणीत व मंडपाखाली अर्ध्या तासाने उठून मान मोकळी करावी. मुकादम याला कामचुकारपणा म्हणेल. त्याला हा अंक वाचावयास द्यावा.

डॉक्टरांकडे जाताना "मान दुखते" एवढेच सांगून भागत नाही. रोजच्या कामात काय बिघडले ते सांगावे. धार निघत नाही, बटण लागत नाही, चप्पल सुटते, ही माहिती डॉक्टरांना अतिशय उपयोगी पडते, आणि ती रुग्ण स्वतः सांगत नाही, कारण त्याला ती दुखण्याचा भाग वाटत नाही. म्हणून बरोबर घरातील माणूस असावे. शस्त्रक्रियेची वेळ आलीच तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ती बसते किंवा कसे, याची चौकशी रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे करावी.

त्या शेतकऱ्याची शस्त्रक्रिया होऊन आता एक रब्बी उलटली. काठीशिवाय बांधावर फिरतात. बटणे अजून दोन-तीनच लागतात, वरची राहून जातात. मूठ दहा सेकंदांत चौदा वेळा उघडते. गेल्या पेरणीला चाड्यावर त्यांची सून होती आणि ते तिफणीमागे चालत तिला बी कसे सोडावे ते सांगत होते. उगवण मी स्वतः पाहिली. पूर्वेकडच्या दोन तासांत थोडे नांगे आहेत, बाकी ओळी सरळ व भरलेल्या आहेत.